नागपुरात जहाजांच्या प्रतिकृती बांधणाऱ्यांना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या शनिवारच्या बैठकीत नवा माणूस आला की पहिल्या अर्ध्या तासात तो जे विचारतो, ते गेल्या अनेक वर्षांत फारसे बदललेले नाही. उत्तरे मात्र बदलली आहेत, कारण ती देणाऱ्यांची काही जहाजे मधल्या काळात फुगली, काही तडकली आणि एक मांजराने कपाटावरून खाली ढकलले. हे प्रश्न आणि त्यांची आजची उत्तरे येथे एकत्र लिहिली आहेत.

समुद्रापासून इतक्या दूर नागपुरात जहाजे कशासाठी?

‘नागपुरात जहाज काहून जी?’ असे हा प्रश्न प्रत्यक्षात विचारला जातो, आणि तो सर्वांत जास्त वेळा आमचे रेल्वेचे नमुने करणारे मित्रच विचारतात. कडबी चौकात नॅरो गेज रेल्वेचे संग्रहालय असल्याने त्यांना खरे इंजिन फूटपट्टी घेऊन मोजता येते, आणि आम्हाला मात्र ७०१ किलोमीटरांचा समृद्धी महामार्ग संपल्यावरही खारा वारा लागत नाही, असा त्यांचा टोमणा असतो. त्यावर आमचे उत्तर असे की, अठराव्या किंवा एकोणिसाव्या शतकातील जहाज बांधणारा मुंबईचा माणूसही शेवटी नकाशावरूनच बांधतो. गेटवेसमोर उभे राहून त्याला ते जहाज दिसत नाही. उलट लाकूड आणि बांबू यांच्या बाबतीत विदर्भातील माणूस त्याच्यापेक्षा सुखी आहे. आपली खरी अडचण समुद्र नसण्याची नाही, हवेची आहे. पुढील निम्म्या उत्तरांत तीच पुन्हा पुन्हा येईल, त्याबद्दल आधीच क्षमा मागतो.

पहिले जहाज कोणते निवडावे?

आपल्या मनात ‘एच.एम.एस. व्हिक्टरी’ आहे, हे आम्हाला ठाऊक आहे. ते सर्वांच्याच मनात असते. १७६५ साली पाण्यात उतरलेले, १०४ तोफांचे, तीन डोलकाठ्यांचे ते जहाज किटच्या खोक्यावर इतके देखणे दिसते की, पहिला पगार किंवा निवृत्तीची रक्कम हाती आलेला माणूस दुसरे काही पाहतच नाही. त्यानंतर शंभराहून अधिक तोफगाडे एकसारखे जुळवताना चाळिसाव्या गाड्यापाशी त्याचे मन उडते, खोके माळ्यावर जाते आणि दिवाळीच्या साफसफाईत दरवर्षी घरातील मंडळी त्याची आठवण करून देतात.

म्हणून आमचा आग्रह असा की, पहिली प्रतिकृती एका डोलकाठीच्या लहान नौकेची असावी: मोठ्या जहाजासोबत असणारी लाँगबोट, मासेमारीची होडी किंवा बंदरात वाट दाखवणारी छोटी नौका. तिच्यात कणा, फासळ्या, फळ्या, सुकाणू, शीड आणि दोर हे सगळे एकेकदा तरी करावे लागते, आणि चूक झाली तरी ती वीस सेंटिमीटरांत मावते. आमच्यातील एक ज्येष्ठ सभासद, जे स्वतः व्हिक्टरीपासूनच सुरुवात करून बसले होते, नवागताला एवढेच विचारतात की, ‘तुम्हाला जहाज पाहिजे का खोकं?’

प्रमाण म्हणजे नेमके काय, आणि कोणते घ्यावे?

१:७२ म्हणजे खऱ्या जहाजाचे ७२ सेंटिमीटर आपल्या टेबलावर एक सेंटिमीटर होतात. व्हिक्टरीची पुढची तिरपी डोलकाठी सोडून लांबी सुमारे ६९ मीटर आहे, म्हणजे १:७२ मध्ये ती ९६ सेंटिमीटर भरेल, आणि त्या डोलकाठीसह त्याहून अधिक. हे आकडे घरी सांगून आणि दिवाणखान्यातील जागा मोजून मगच किट मागवावे. प्लास्टिकच्या आधुनिक युद्धनौका बहुधा १:३५० किंवा १:७०० मध्ये येतात. २ सप्टेंबर २०२२ रोजी नौदलात दाखल झालेली, २६२ मीटर लांबीची नवी ‘आय.एन.एस. विक्रांत’ पहिल्या प्रमाणात ७५ सेंटिमीटर, तर दुसऱ्यात साडेसदतीस सेंटिमीटर होते. लाकडी जहाजांसाठी १:४८ आणि १:६४ ही प्रमाणे बोटांना आणि चाळिशी ओलांडलेल्या डोळ्यांना सोयीची आहेत.

विदर्भात सागवान मिळत असताना प्रतिकृतीसाठी त्याला नाही का म्हणता?

या प्रश्नावर आमच्यात भांडणे झालेली आहेत, त्यामुळे उत्तर सविस्तर देतो. सागवानाचा अभिमान बाळगण्यास कारण आहे. मुंबईच्या गोदीत जमशेटजी बोमनजी वाडिया यांनी बांधलेली आणि १२ ऑक्टोबर १८१७ रोजी पाण्यात उतरलेली ‘एच.एम.एस. ट्रिंकोमाली’ मलबारी सागवानाची आहे, आणि ती आजही इंग्लंडमधील हार्टलपूल येथे तरंगते आहे. साहजिकच नव्या माणसाला वाटते की, सागवानी जहाजाची प्रतिकृती सागवानातच शोभेल.

अडचण अशी की, जहाज ६४ पटींनी लहान करता येते. लाकडाचे रेषे लहान करता येत नाहीत. सागाच्या आडव्या कापावर डोळ्यांना दिसणारी छिद्रे असतात. त्यांतील एखादे ०.२ मिलिमीटरचे धरले, तर १:६४ च्या जगात ते जवळपास १३ मिलिमीटरांचे भोक झाले, म्हणजे आपल्या इवल्याशा खलाशाचा अंगठा त्यात अडकावा. शिवाय सागात नैसर्गिक तेल असते, त्यामुळे चिकटवण्याच्या जागी थिनर किंवा ॲसिटोन लावलेले फडके लगेच आधी फिरवले नाही, तर जोड कालांतराने सुटतो. बारीक पट्ट्या कापताना कडा तुटतात, आणि त्याचा भुसा काही जणांच्या त्वचेला व श्वासाला चांगलाच बाधतो, म्हणून मास्क लावल्याशिवाय घासू नये. सागाची पट्टी आम्ही प्रतिकृतीखालच्या बैठकीसाठी राखून ठेवतो. तेथे ती खऱ्या आकारात असते आणि राजासारखी दिसते.

मग कोणते लाकूड घ्यावे आणि ते कोठे शोधावे?

परदेशी किटांत लाइमवूड, अक्रोड, पेअर अशी लाकडे असतात. आपल्याकडे त्यांना सर्वांत जवळचे म्हणजे हळदू, ज्याला कोणी हेदू म्हणतात. पिवळसर, बारीक आणि एकसारख्या पोताचे हे लाकूड धारदार पटाशीला इतके नीट उत्तर देते की, आमच्या एका सभासदाने जहाजाच्या नाळेवरची, म्हणजे पुढच्या टोकावरची, कोरीव आकृती त्यातच काढली. शिवण हलके असते आणि हवेबरोबर कमी हलते, म्हणून आतल्या फासळ्यांमधील भरावासाठी ते उत्तम आहे. आरामशीनवर अशा लाकडाचे लहान तुकडे मागितले की, आधी थोडी थट्टा होते आणि मग ते मिळतात. जुना वाडा पाडला जात असेल तेव्हा निघणाऱ्या चौकटी आणि फडताळेही पाहावीत. वर्षानुवर्षे मुरलेले लाकूड नव्या लाकडापेक्षा कमी खोड्या काढते.

तान्ह्या पोळ्यासाठी लाकडी नंदी घडवणाऱ्या कारागिरांशी ओळख करून घ्यावी, असा आमचा खास सल्ला आहे. पोळ्याच्या आधीच्या महिन्यात मात्र त्यांच्याकडे जाऊ नये. त्या दिवसांत त्यांना जहाजाचे कौतुक ऐकायला वेळ नसतो. रेषा कोणत्या दिशेने धावते आणि पटाशी कोणत्या बाजूने लावावी, हे त्यांच्याकडे अर्धा तास पाहून जेवढे कळते, तेवढे नकाशावरून कळत नाही.

बांबूबद्दल वेगळे सांगायला हवे. खऱ्या जहाजाच्या फळ्या फासळ्यांना लाकडी खुंट्यांनी ठोकलेल्या असत. प्रतिकृतीत त्या खुंट्या अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास जाडीच्या लागतात, आणि जगभरचे हौशी त्यासाठी बांबूच वापरतात, कारण त्याचे लांब सरळ तंतू पोलादी पट्टीच्या क्रमाक्रमाने लहान होत जाणाऱ्या भोकांतून ओढले तरी तुटत नाहीत. दोन पेरांमधला भाग घ्यावा आणि बाहेरच्या सालीजवळचा थर वापरावा. बाहेरगावचे हौशी ज्या काड्या पाकिटातून विकत घेतात, त्या आपल्याकडे बुरडाच्या दुकानासमोर झाडून टाकलेल्या असतात.

कूलरचा आणि जहाजाचा काय संबंध?

हा प्रश्न खरे म्हणजे कोणी विचारत नाही. पहिले जहाज तडकल्यावर विचारतात. लाकूड हवेतील ओलावा घेते आणि सोडते. लांबीच्या दिशेने त्याच्यात जवळपास काहीच फरक पडत नाही, परंतु रेषांच्या आडव्या दिशेने ते फुगते व आकसते, आणि लाकडातील ओलावा १० टक्क्यांनी बदलला तर सागासारख्या शहाण्या लाकडातही हा फरक दीड ते दोन टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो. एकेका ५ मिलिमीटरच्या पट्टीत तो डोळ्यांना दिसत नाही. शेजारी शेजारी चिकटवलेल्या वीस पट्ट्यांत मिळून तो दीड-दोन मिलिमीटर होतो आणि कुठेतरी एकाच जागी फट किंवा फुगवटा बनून बाहेर पडतो.

आता नागपूरचे वर्ष पाहावे. मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे जातो आणि दुपारची आर्द्रता २० टक्क्यांच्या आसपास उतरते. ऑगस्टमध्ये हवा इतकी ओली असते की मीठ डब्यात घट्ट बसते. हा एक झोका झाला. दुसरा झोका आपण घरात स्वतः निर्माण करतो: उन्हाळ्यात दिवसभर कूलर चालतो, खोलीतील हवा पावसाळ्यासारखी दमट होते, संध्याकाळी कुटुंब बाहेर जाताना कूलर बंद होतो आणि दोन तासांत हवा पुन्हा भट्टीची होते. कूलरच्या झोतात ठेवलेले अर्धे जहाज अशा रीतीने दररोज एक छोटा पावसाळा आणि एक छोटा उन्हाळा भोगते.

अनुभवाने बसवलेला आमचा क्रम असा आहे की, बाहेरील फळ्या चिकटवण्याचे काम ऑक्टोबरच्या अखेरीपासून फेब्रुवारीपर्यंत उरकावे, कारण त्या वेळी लाकूड दोन टोकांच्या मध्ये असते. भर पावसात चिकटवलेल्या फळ्यांमध्ये एप्रिलमध्ये फटी पडतात, आणि मे महिन्यात घट्ट बसवलेल्या फळ्या जुलैत जागा न मिळाल्याने उचलल्या जातात. विकत आणलेले लाकूड कामाच्या खोलीत दोन-तीन आठवडे नुसते पडू द्यावे. उन्हाळ्यात काम करायचेच असेल तर टेबल झोताच्या बाहेर घ्यावे आणि काम थांबवताना सांगाड्यावर मोठी प्लास्टिकची पिशवी उपडी घालावी. कूलरच बंद ठेवावा, असा सल्ला एका सभासदाने घरी अंमलात आणून पाहिला होता. त्यांची बैठकीतील उपस्थिती नंतर बरेच दिवस अनियमित होती.

फळ्या नाळेपाशी वाकवताना तुटतात. काय करावे?

पट्टी अर्धा तास पाण्यात ठेवावी आणि मग उष्णता द्यावी. केवळ पाण्याने काम भागत नाही. ओल्या लाकडाच्या तंतूंना बांधून ठेवणारा लिग्निन हा घटक उष्णतेने मऊ होतो आणि थंड झाल्यावर नव्या आकारात पुन्हा घट्ट होतो, म्हणून सोल्डरिंगची जाड लोखंडी दांडी किंवा कपड्यांची जुनी इस्त्री यांवरून पट्टी हळूहळू फिरवावी आणि साच्यावर कपड्यांच्या चिमट्यांनी रात्रभर धरून ठेवावी. चिकटवणे दुसऱ्या दिवशी, पट्टी पूर्ण वाळल्यावर करावे.

तुटण्यापेक्षा मोठी चूक वेगळी आहे. जहाजाचा घेर मध्यभागी मोठा आणि नाळेकडे लहान असतो, तरीही नवा माणूस सर्व पट्ट्या सारख्याच रुंदीच्या लावत जातो, आणि दहाव्या पट्टीला त्या एकमेकींवर चढू लागल्या की किट बनवणाऱ्याला दोष देतो. प्रत्येक फासळीवर कागदाची पट्टी गुंडाळून तेथील घेर मोजावा, त्याला फळ्यांच्या संख्येने भागावे आणि त्या त्या ठिकाणी फळीची रुंदी तेवढी ठेवावी. कोणतीही फळी निम्म्याहून अधिक निमुळती करू नये. तशी वेळ आलीच तर दोन फळ्यांच्या जागी एक फळी बसवावी, खऱ्या गोदीतही तसेच करत.

फेविकॉल, फेविक्विक की ॲरल्डाइट?

लाकडाला लाकूड असेल तर फेविकॉलसारखा पांढरा गोंद, धातूला लाकूड असेल तर ॲरल्डाइट, आणि दोन हातांनी धरायला तिसरा हात नसेल तेव्हा फेविक्विक. नागपूरच्या उन्हाळ्यात या मंडळींचे स्वभाव उलटतात. पांढरा गोंद पाणी उडून वाळतो, म्हणून मे महिन्यात जुळवाजुळव करेपर्यंत त्याच्यावर साय धरते. फेविक्विक हवेतील ओलाव्याने घट्ट होते, म्हणून कोरड्या हवेत ते रेंगाळते. त्यावर उपाय म्हणजे जोडावर तोंडाची वाफ सोडणे, जो दिसायला विचित्र असला तरी खरा आहे.

एक इशारा मात्र थट्टेचा नाही. फेविक्विकसारखे द्रव्य सुती कापडावर सांडले तर त्याची प्रक्रिया इतक्या वेगाने होते की कापड चटका बसण्याइतके तापते. सुती पायजमा घालून मांडीवर काम करणाऱ्या एका सभासदाला हा धडा मिळालेला आहे. बोटे चिकटल्यास ओढू नयेत. ॲसिटोन असलेले नेलपॉलिश रिमूव्हर लावून वाट पाहावी.

दोर सैल का पडतात?

आपण सुती दोरा वापरला असेल आणि पावसाळ्यात ओढून बांधला असेल, म्हणून. पीळ दिलेला सुती दोरा ओलाव्याने फुगतो व लांबीला आखडतो, आणि कोरड्या हवेत सैलावतो. मे महिन्यात तारेसारखे ताणलेले दोर ऑगस्टमध्ये बारीक डोलकाठी वाकवू शकतात, असेही आम्ही पाहिले आहे. पॉलिएस्टरचा दोरा फारसा हलत नाही. त्याची चकाकी मात्र जहाजाला लग्नातल्या शालूसारखी दिसते, म्हणून तो मधमेणाच्या खड्यावरून दोन-तीनदा ओढून घ्यावा. डोलकाठीला कायम तोलून धरणारे दोर डांबर लावलेले असत, ते गडद तपकिरी किंवा काळे घ्यावेत. शिडे ओढण्याचे दोर फिकट घ्यावेत.

खलाशांना वर चढण्यासाठी असलेल्या आडव्या दोरांच्या शिड्यांची पायरी खऱ्या जहाजावर साधारण १३ ते १५ इंचांवर असे. १:६४ मध्ये ती पाच ते सहा मिलिमीटर होते. मागे आखलेला कागद लावून एकेक गाठ मारावी. या कामाला क्रिकेटचा कसोटी सामना लावून बसावे. वीस षटकांचा पुरत नाही.

स्प्रेने रंग दिल्यावर पृष्ठभाग खडबडीत का होतो?

रंगाचे थेंब उष्ण हवेत प्रतिकृतीवर पोहोचण्याआधीच अर्धे वाळतात आणि पसरत नाहीत. या दोषाला जगभर ‘संत्र्याची साल’ म्हणतात, तेव्हा नागपूरकराने तो आपल्या शहराचा गौरव समजू नये. सकाळी सातच्या आत रंग द्यावा, किंवा ब्रश वापरावा.

मराठ्यांचे गुराब आणि गलबत बांधता येईल का?

येईल, आणि बांधावे. परंतु त्यातील प्रामाणिकपणा वेगळ्या प्रकारचा आहे. युरोपीय युद्धनौकांचे गोदीतील नकाशे जपलेले असल्याने त्यांची प्रत्येक फासळी मोजता येते, तर कोकणातील सुतार बव्हंशी नजरेने आणि पिढीजात अंदाजाने बांधत. अठराव्या शतकातील इंग्रज इतिहासकार रॉबर्ट ऑर्म यांनी केलेल्या वर्णनातून मात्र पुष्कळ काही हाती लागते: गुराबाला बहुधा दोन, क्वचित तीन डोलकाठ्या, लांबीच्या मानाने रुंद अंग, कमी पाण्यात चालणारा उथळ तळ, आणि भूमध्य समुद्रातील गॅलीसारखी पुढे झेपावलेली नाळ, जिच्यावरून समोर मारा करणाऱ्या दोन तोफा रोखलेल्या असत. गलबत त्याहून लहान, चाळीस-पन्नास वल्ह्यांचे आणि मोठ्या त्रिकोणी शिडाचे. एवढ्यावर उभारलेल्या प्रतिकृतीच्या पाटीवर ‘वर्णनावरून कल्पिलेले’ असे लिहावे, आणि त्याची लाज वाटू देऊ नये. कान्होजी आंग्रे यांचे नाव घालून वर इंग्रजी फ्रिगेटचे शरीर चढवणे, हे मात्र आम्हाला पटत नाही. अशा एका जहाजावरून आमची एक बैठक पूर्ण वाया गेली होती.

याच धर्तीचे मोठे उदाहरण अलीकडे घडले. अजिंठ्याच्या चित्रातील जहाजावरून, खिळा न वापरता फळ्या काथ्याने शिवून बांधलेली ‘आय.एन.एस.व्ही. कौंडिण्य’ २१ मे २०२५ रोजी कारवार येथे नौदलात दाखल झाली. ती प्रतिकृतीत बांधू इच्छिणाऱ्याने आधी घरातील शिवणकाम करणाऱ्या व्यक्तीशी संबंध चांगले ठेवावेत.

पूर्ण झालेले जहाज फुटाळ्यात किंवा अंबाझरीत सोडता येईल का?

शोभेचे जहाज नक्कीच नाही, आणि त्याचे कारण केवळ रंग खराब होणे एवढे नाही. वजन लांबीच्या घनाने कमी होते: साडेतीन हजार टनांची व्हिक्टरी १:६४ मध्ये साडेतेरा किलोंच्या आसपास येते. त्याच वाऱ्यात शिडावरचा कलंडवणारा जोर प्रमाणाच्या घनाने घटतो, तर जहाजाला सावरणारा जोर चौथ्या घाताने. म्हणजे जहाज जितके लहान, तितके ते वाऱ्यापुढे दुबळे. फुटाळ्यावरील संध्याकाळची एक झुळूक आपल्या सहा महिन्यांच्या कामाला पुरेशी आहे. पाण्यात सोडायचेच असेल तर खाली खोल, जड जोडकणा बसवलेली वेगळी नौका बांधावी, ती आधी घरच्या पाण्याच्या टाकीत तोलून पाहावी, तलावाची देखभाल ज्यांच्याकडे आहे त्यांची परवानगी घ्यावी आणि जलपर्णी नसलेला काठ शोधावा; पंख्याच्या पात्यात ती अडकली की रिमोट हातात असूनही माणूस प्रेक्षक होतो.

काचेची पेटी आवश्यक आहे का?

होय. नागपूरची धूळ दोरांवर बसली की झटकता येत नाही. पेटीला खालून दोन-चार बारीक छिद्रे ठेवावीत, कारण पूर्ण बंद पेटीत प्लायवूड आणि एमडीएफमधून निघणारी आम्लाची वाफ कोंडते आणि जुन्या किटांतील शिशाच्या तोफांवर व नांगरांवर पांढरी भुकटी धरते.

बैठकीला येताना काय आणावे?

अपूर्ण जहाज आणावे. पूर्ण झालेल्याचे कौतुक करून विषय पाच मिनिटांत संपतो. तर्री-पोह्यांची व्यवस्था असते. खाल्ल्यावर हात साबणाने धुतल्याशिवाय कोणाच्याही फळीला स्पर्श करू नये, हा आमचा एकमेव लेखी नियम आहे आणि तो एका नारिंगी डागामुळे लिहावा लागला.

माळ्यावर पंधरा वर्षांपूर्वीचे अर्धवट किट आहे. ते पुढे नेता येईल का?

बहुतेक वेळा येते. आधी कणा सपाट काचेवर ठेवून पिळला आहे का ते पाहावे. थोडा पीळ असेल तर फासळ्यांमध्ये शिवणीचे ठोकळे घट्ट बसवून तो काढता येतो, जास्त असेल तर नकाशावरून नवा कणा कापावा. माळ्यावरच्या उष्णतेत दोरा कुजकट झालेला असतो, तो न तपासताच टाकून द्यावा. पट्ट्यांपैकी एक बोटाभोवती हलकेच वाकवून पाहावी; ती कडकन तुटली तरी घाबरू नये, भिजवल्यावर तिच्या बहिणी ऐकतात. सुट्या भागांची यादी खोक्यातील कागदाशी ताडून पाहावी, आणि काही तोफा कमी भरल्यास घरातील लहान मुले त्या वेळी किती वर्षांची होती, याचा हिशेब करावा. हे सर्व ऑक्टोबरपर्यंत उरकले, तर पहिली फळी योग्य महिन्यात लागेल.